तपासणीची तयारी

परंड्यात माझे दहावीचे क्लासेस आहेत. दारावरच्या फलकावर 'निकालाची खात्री' असं मीच रंगवून घेतलंय. त्या फलकाखालून रोज ये-जा करणाऱ्या माझ्या मुलीला तो नीट वाचता येत नाही, हे कळायला मला तिची नववी संपावी लागली. तोवर मी तिला आळशी म्हणत होतो. तोंडी विचारलं की धडाधड उत्तरं, आणि कागद पुढं आला की अक्षरं मागंपुढं, अर्धा पेपर कोरा.

शेवटी तिच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून समजावलं. याला अध्ययन अक्षमता म्हणतात, धाराशिवला तपासणी होते. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला लेखनिक मिळेल, म्हणजे ही सांगणार आणि दुसरं कुणीतरी लिहिणार. शिवाय जादा वेळ. नाही मिळालं तर पोरगी उत्तरं येत असूनही कोरा पेपर देऊन उठणार. बोर्डाकडं प्रस्ताव पाठवायची मुदत जवळ आली होती.

तपासणी म्हटल्यावर क्लासवाला माणूस काय करतो, तेच मी केलं. मागच्या वेळी काय विचारलं होतं, याचा शोध घेतला. ईट गावच्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या मुलाची तपासणी धाराशिवच्या ज्या मॅडम करतात त्यांच्याकडंच झाली होती. त्या पोराला फोनवर घेऊन सगळं काढून घेतलं. वाचायला उतारा उंटाचा होता, प्राथमिकच्या जुन्या पुस्तकातला. मी ते पुस्तक मिळवलं, अपेक्षित प्रश्नसंच काढला आणि मुलीकडून रोज सकाळी घोटून घेतला. परक्या बाईसमोर फजिती नको, एवढंच डोक्यात.

बायको एकदा म्हणाली, "अहो, तिला येत न्हाय हेच दाखवायला नेतोय न्हवं आपण?"

मी तिला म्हणालो, तुला परीक्षेतलं काय कळतं.

धाराशिवच्या एसटीतही मी उंटाची उजळणी घेतली. पोरगी खिडकीबाहेर बघत पुटपुटत होती.

मॅडमनी तिच्यासमोर कागद ठेवला. उंटच निघाला. मुलीनं कुठं न अडखळता सगळा उतारा म्हणून टाकला. मागं खुर्चीवर बसलेल्या माझी छाती फुगली. मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "वाचन तर सफाईदार आहे. मग अडचण नेमकी काय?"

फुगलेली छाती तिथल्या तिथं बसली. लेखनिक गेला, जादा वेळ गेला, आणि घालवला कुणी, तर निकालाची खात्री देणाऱ्यानं.

मॅडमना काय शंका आली कोण जाणे. "आता शब्दावर बोट ठेवून वाच," म्हणाल्या. मुलीनं पुन्हा सुरुवात केली. तिचा उंट पाणी पिऊन वाळवंटात निघूनसुद्धा गेला, बोट अजून वरच्याच ओळीत. मॅडमनी पेन खाली ठेवलं. पोरगी कावरीबावरी झाली. त्यांच्याकडं न बघता तिनं माझ्याकडं बघितलं.

"पप्पा, आता बरोबर वाचायचं का चुकायचं?"

मग मी जे केलं होतं ते सगळं मॅडमना सांगून टाकलं. मॅडम हसल्यासुद्धा नाहीत, हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हा उतारा आता बाद, दुसरा देते, त्यावर काय दिसतं तेच लिहीन, असं म्हणून त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. पोरीला म्हणाल्या, "जसं दिसतंय तसं वाच. चुकलं तर चुकू दे."

दार पुरतं लागलं नव्हतं. तिचं खरं वाचन मी पहिल्यांदा तिथं ऐकलं, कारण घरी मी मध्येच ओरडायचो. एक शब्द, थांबणं, मागं जाणं, पुन्हा तोच शब्द. एका शब्दापाशी ती इतकी अडली की मला राहवेना. अर्ध्यावरून ओळखून बाहेरून मीच तो मोठ्यानं म्हणालो.

दार उघडलं. "सर," मॅडम म्हणाल्या, "स्टँडवर जाऊन चहा पिऊन या. सावकाश."

चहा समोर ठेवून मी नुसता बसलो. आपली विद्यार्थिनी चुकावी असं मला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं. आणि माझ्या शिकवणीचा काही अंश अजून तिच्यात शिल्लक असला तर, या विचारात चहा निवून गेला.

परतीच्या गाडीत विचारलं, कसं झालं. "लई चुकले," ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली.

प्रमाणपत्र मुदतीच्या तोंडावर आलं. तोवर फोन वाजला की मी दचकायचो. लेखनिक म्हणून शेजारची नववीतली मुलगी ठरली. दोघींचा सराव सुरू झाला तेव्हा लेकीनं मला बजावलं, "तुम्ही आत यायचं न्हाय."

पहिल्या पेपरला शेवटची घंटा झाली, पोरं बाहेर पडली, आईबाप त्यांना गाड्यांवर घेऊन गेले. माझी अजून आतच. मी भिंतीला लागून फेऱ्या मारत होतो आणि नकळत उत्तरं पुटपुटत होतो. बंदोबस्ताचा शिपाई काठी टेकत आला.

"सर, लांब व्हा. कॉपी पुरवणारे असंच पुटपुटत्यात."

मी रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिलो. तिचा वेळ अजून शिल्लक होता.