एका खुर्चीची खोली

ऑफिसात त्याला सगळे तबकडे म्हणत. हे काही आडनाव नव्हे. साप्ताहिकात तीस वर्षं ध्वनिमुद्रिकांवर सदर लिहून कमावलेलं नाव. लोक कॅसेटकडे गेले, सीडीकडे गेले, मोबाइलकडे गेले. हा आपला तबकडीला चिकटून. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांनी कान गहाण टाकलेत, असं त्याने चक्क छापलं होतं. वाचक चिडायचे, पण प्लेअरची सुई घ्यायची तर यालाच विचारून. घर चालत होतं ते त्या दोन कानांवर.

मंगळवारी एका वाचकाचं पत्र आलं. तुम्ही जिला मखमली म्हणालात, ती सुई कानात खिळे ठोकते. तबकडे हसला. गड्याला बसवताच आली नसणार. तरी खात्री करायला त्याने तीच सुई लावून चाचणीची तबकडी ठेवली. तिच्यात एक बाई कंपनांचा आकडा सांगते, मग शिट्टी वाजते. दरवेळी आधीपेक्षा उंच पट्टीची.

घरातल्या या ऐकायच्या खोलीत खुर्ची एकच, स्पीकरपासून टेपने मोजून ठेवलेली. केर काढतानासुद्धा बायकोने ती हलवायची नाही.

"चार हजार." शिट्टी आली. "सहा हजार." आली, पण भिंतीपलीकडून आल्यासारखी. "आठ हजार." काही नाही. त्याने वायर चाचपली. सुई तर खाचेतून नीट फिरत होती.

"अहो, बंद करा ती शिट्टी," स्वयंपाकघरातून बायको ओरडली. "डोकं उठलं माझं."

ती हात पुसत दाराशी आली.

"ऐकू नाही आली ना?"

"आली की."

"रोज सकाळी तुमच्या घड्याळाचा गजर मी बंद करते. तुम्हाला वाटतं, तुम्ही आपोआप उठता."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

दोन वर्षं म्हणजे शंभरेक सदरं. त्यात कशाकशाला मखमली म्हटलं, ते तो बोटांवर मोजू लागला.

"बोलली का नाहीस?"

"तुमच्या कानांबद्दल तुम्हाला कोण सांगणार? केर काढण्यापलीकडे या उंबऱ्याच्या आत तरी घेता का?"

"बाहेर कळलं तर मी संपलो गं."

"आणि लोक ती सुई घेतच राहिले तर?"

तिच्यासमोरच त्याने संपादकांना फोन लावला. नंबर दोनदा चुकला. "मखमली म्हणालो ते चूक होतं. ती सुई किंचाळते. मला ऐकू आलं नाही. तसंच छापा."

पलीकडे शांतता. खरीच शांतता, की ते हळू बोलताहेत? त्याने फोन कानाशी दाबला.

"काय म्हणालात?"

"अजून काहीच नाही," संपादक म्हणाले. "गुरुवारपर्यंत लिहून द्या. पुढचं मग बघू."

ते 'मग बघू' त्याच्या छातीत बसलं. बायकोने मात्र जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत आणली आणि त्याच्या खुर्चीला खेटून ठेवली. मोजमाप गेलं.

"दुसरी कुठली सुई मखमली होती? लावा," ती म्हणाली.

त्याने सुई टेकवली आणि तबकडीकडे न बघता, जीव मुठीत धरून तिच्या कपाळाकडे बघत बसला. आठी पडते का, एवढंच.