फुकटचा एडिटर आणि आत्याची गाणी

मंडळी, मी कोडिंग शिकायला घेतलं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी फुकटचा एडिटर घ्यायला सांगितलं होतंत. फुकटचं म्हणजे कामचलाऊ, असं मला वाटलं. मी बोईसरच्या एका दुकानातून महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी लॅपटॉपवर टाकून घेतली.

आज फर्स्ट शिफ्ट करून आलो, तर त्या कॉपीतून आलेल्या व्हायरसने सगळ्या फाइल्स खाल्लेल्या. रिपेअरवाल्याने हात टेकले.

त्यात बायकोच्या आत्याच्या गाण्यांची रेकॉर्डिंग होती. आत्या धवलेरी, गाणी म्हणून पाड्यावरची लग्नं लावायची. गेल्या वर्षी ती गेली. दुसरी कॉपी कुठेच नाही.

संध्याकाळी लॅपटॉप फॉरमॅट करून फुकटचा एडिटर टाकला. दहा मिनिटांत चालू झाला. काही कमी नाही त्यात.

बायको मागे उभी होती. म्हणाली, "आत्याची गानी पन येतील का परत?"