सातपाटीपर्यंत पायी

आमच्या रविवारच्या भटकंतीचा एक नियम होता. स्टेशनाबाहेर पाऊल पडलं की घरचा विषय बंद. नियम नवऱ्याचा. बोईसरच्या कारखान्यात आठवडाभर मशीनचा खडखडाट ऐकणाऱ्या माणसाला एक दिवस शांतता हवी, हे मलाही पटायचं. कधी केळवे रोडला उतरून समुद्र गाठायचा, कधी वाणगावहून चिंचणी. त्या रविवारी पालघरला उतरलो. शिरगाववरून सातपाटी, सगळं पायी.

मला मात्र चैन नव्हतं. महिन्यापूर्वी त्याला गुजरातेतल्या अंकलेश्वरहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. विचारलं की "बघू" म्हणायचा, संपलं. माझी इथल्या शाळेतली नोकरी कायमची. सोडून त्याच्याबरोबर जायचं की इथंच राहायचं, याचा महिनाभर मी मनात वाद घालत होते आणि दोन्ही बाजूंनी मीच भांडत होते. हा पुढं चालत पक्षी दाखवतोय. "तो बघ, खंड्या!" खंड्या गेला खड्ड्यात, असं अगदी ओठावर आलं होतं.

शिरगावच्या सुरूंमधून गार वारा येत होता. एरवी मी तिथं फतकल मारून बसते. त्या दिवशी मीच म्हटलं, चल, चल.

सातपाटीच्या किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या ताणून बोंबील वाळत घातले होते. एक मावशी टोपलीतले ओले बोंबील दोरीवर टाकत होती. नवरा होडीच्या सावलीत टेकला. मला बसवेना. "मावशी, मी घालू का थोडे?" म्हटलं. तिनं टोपली सरकवली. मी एकेक टाकत गेले आणि एकेक वाळूत पडत गेला.

"अगो बाय, एकला बोंबील ऱ्हात नाय दोरीवर," मावशी हसत सुटली. तिनं दोन उचलले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली, एक या अंगाला, एक त्या. "आता कवरा पन वारा येवदे. पडाचा नाय."

पाच-सहा जोड्या घातल्या आणि माझं ठरलं. हाताला वास तसाच, मी होडीपाशी गेले आणि नियम मोडला.

"मी पण येते अंकलेश्वरला. राजीनामा देते. दोघं जाऊ."

इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. तो हसला नाही. पाणी प्यायला, बाटलीचं झाकण उगाच घट्ट करत राहिला.

"मी होकार कळवलाय," तो म्हणाला. "जागापण घेतलीय. तिघांच्या खोलीत, कॉट बेसिसवर. माझ्यापुरती एक कॉट."

मला आधी नीट कळलंच नाही. मग राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ रडू.

"येतेस का, असं मला एका शब्दानं विचारलं का नाहीस?"

तो वाळूकडे बघत होता.

"तू हो म्हणशील, याची भीती वाटली."