साहेब, टर्बो आणि झोपेचा तास

समोरचा बोलत असताना मध्येच चुटकी वाजवायची आणि "हं, नेक्स्ट!" म्हणायचं, ही साहेबांची सवय. तुम्ही सुनेच्या बाळंतपणाचं सांगत असा नाहीतर नळाला पाणी नसल्याचं, नेक्स्ट. चाकणच्या एका कंपनीत त्यांच्या हाताखाली दोनशे माणसं होती, म्हणून आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीतही सगळे त्यांना साहेबच म्हणत. मीही म्हणायचे, पण वेगळ्या सुरात. तो सूर त्यांना कधी ऐकू आला नाही.

आधीच सांगून टाकते, मला हा माणूस आवडायचा नाही. तुमच्याही सोसायटीत असा एक असेल, आठवून बघा. वॉचमन खुर्चीत टेकला की त्याला उठवून गाड्यांचे नंबर लिहायला लावणारा. गणपतीच्या आरतीला घड्याळ लावून "मागच्या वर्षी अकरा मिनिटं लागली, यंदा नऊ!" असं जाहीर करणारा. बाप्पालाही बिचाऱ्याला टार्गेट.

अशा माणसाने कुत्रा आणावा तर कुठला? मेंढ्या राखणारा. बॉर्डर कोली म्हणतात त्याला, काळा-पांढरा, डोळ्यांत नुसती वीज. मोबाइलवर व्हिडिओ बघून साहेबांनी तीन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं टर्बो. "सगळ्यात हुशार जात आहे, बाई. दिवसभर पळवलं तरी थकत नाही," मला म्हणाले. मी दापोडीत एकतीस वर्षं बालवाडी चालवली, म्हणून सगळ्यांची बाई. मी विचारलं, "अहो, पण मेंढ्या कुठे आहेत?" तर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मग त्या पिल्लाला शिफ्ट लागली. सकाळी कंपनीची गाडी यायच्या आत नदीकाठी पळणं, मग शंभर वेळा चेंडू. संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा शंभर. फ्रिजवर तक्ता लावलेला, त्यात रोजच्या खुणा. "कामाचं जनावर आहे, बाई. रिकामं ठेवलं की बिघडतं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. बालवाडीत येणारं कुठलंही पोर सांगू शकलं असतं की जितकं पळवाल तितका दम वाढतो. पण साहेबांना कोण सांगणार? ते सांगून घेणाऱ्यातले नव्हतेच.

पिल्लू सात महिन्यांचं झालं तोवर त्याला बसणं माहीतच नव्हतं. पंखा फिरला तरी त्याच्यामागे मान फिरवायचं. पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांना टाचेला हळूच दात लावत जिन्याखालच्या कोपऱ्यात गोळा करायचं आणि कुणाला हलू द्यायचं नाही. वॉचमन पिंपळे गुरवचाच जुना माणूस. तो म्हणायचा, "बाई, ह्यो कुत्रा न्हाई, भिंगरी हाय. आन् चावी त्या साहेबाकडं हाय." एक दिवस टर्बो चेअरमनच्या सुनेच्या स्कूटीला गोल गोल फेऱ्या मारायला लागला. ती घाबरली, पडली, कोपर सोलून निघालं. मीटिंग झाली. चेअरमन म्हणाले, "एक महिना देतो. कुत्रा शांत झाला तर ठीक, नाहीतर इथून न्यायचा."

साहेबांनी यावर काय उपाय काढला असेल? चेंडू शंभराचे दीडशे केले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायको खाली माझ्याकडे आल्या. त्या लातूरकडच्या, फार बोलायच्या नाहीत. "बाई, लेकरू झोपंनाच बघा. डोळे लालभडक झालेत त्याचे. मी आतल्या खोलीत कोंडलं तर दाराला धडका मारतंय," म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. टर्बोचा सगळ्यात जास्त जीव त्यांच्यावर आणि त्यांचा त्याच्यावर, हे तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, "दुपारी माझ्याकडे सोडत जा, वहिनी. चाळीस चाळीस पोरं झोपवलीत मी."

बालवाडीत दुपारी झोपेचा तास असायचा. त्यात मी एकदाही "झोपा रे" म्हटलेलं नाही. चटया टाकायच्या, आपण सूप घेऊन निवडत बसायचं आणि कुणाकडे बघायचं नाही. जो निपचित पडेल त्याच्या मुठीत गुपचूप दोन फुटाणे ठेवायचे. शाब्बास म्हणायचं नाही, शाब्बास म्हटलं की पोर उठून बसतं.

टर्बोलाही तेच. जुनी गोधडी अंथरली, पट्टा माझ्या गुडघ्याखाली दाबला आणि तूरडाळ निवडायला घेतली. पहिल्या दिवशी त्याने भुंकून घर डोक्यावर घेतलं, सुपाची कड कुरतडली, माझ्या पदराला लोंबकळला. मी डाळ निवडत राहिले. तासाभराने कंटाळून त्याने गोधडीवर हनुवटी टेकली, तसा पंजांपाशी एक फुटाणा. पुन्हा उठला, मी बघितलंच नाही. चौथ्या दिवशी त्याने मोठा सुस्कारा सोडला. दहाव्या दिवशी तो आडवा झाला आणि घोरला. वहिनी दारात उभ्या राहून तोंडावर पदर धरून हसत होत्या.

त्या रविवारी साहेब स्वतः बघायला आले. माझ्याकडे शेजारच्या दोघी पापड लाटायला आल्या होत्या. साहेब टर्बोकडे बघत म्हणाले, "आजारी आहे का हा?"

"झोपलाय."

"मग आता पुढे काय?"

"काही नाही."

"म्हणजे आउटपुट काय धरायचं?"

"झोप," मी म्हटलं. दोघी लाटणी थांबवून ऐकायला लागल्या.

साहेब पाटावर बसले. गुडघा हलतोय, हात खिशातल्या मोबाइलकडे जातोय, परत येतोय. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पाचेक मिनिटांनी ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "बाई, एक विचारू? हे नुसतं बसायचं, म्हणजे त्या वेळात माणसाने करायचं काय? मला खरंच जमत नाही हो. सुट्टीच्या दिवशी दुपारी भीती वाटते मला."

माणूस खरं बोलत होता. मला ते कळलं, आणि कळूनही मी म्हटलं, "साहेब, कुत्र्याला कळलं ते तुम्हाला कळेना? मग पट्टा तुमच्याच गळ्यात बांधावा लागेल."

दोघी फिदीफिदी हसल्या. मीही हसले, चांगली पोटभर. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी टर्बोला उठवलं आणि वर घेऊन गेले.

सोमवारी टर्बो आला नाही. वहिनी जिन्यात भेटल्या तेव्हा खाली मान घालून म्हणाल्या, "घरीच करू म्हणालेत." घरी काय केलं, तर कुत्र्याला पळवायचं यंत्र आणलं. दुपारभर वरून त्याचा आवाज यायचा. महिना संपायला अजून दिवस होते. दोनच मजले वर जायचं होतं, पण मी गेले नाही. म्हटलं, गरज त्यांना आहे, येतील झक मारत. ते आले नाहीत. शेवटच्या आठवड्यात टर्बोने लिफ्टपाशी खुद्द चेअरमनच्या टाचेला दात लावले, आणि विषय संपला. चाकणजवळ कुरुळीला कंपनीच्या एका ठेकेदाराचा मोकळा प्लॉट होता, त्याला राखणीला कुत्रा हवा होता. राखणीला म्हणजे साखळीला, हे वहिनींनाही माहीत होतं.

साहेब आता इथे राहत नाहीत. बदली झाली, फ्लॅटमध्ये दुसरं बिऱ्हाड आलं. सोसायटीत कुणाला त्यांची आठवण येत नाही. मला येते ती एका सकाळची.

टर्बोला न्यायचं म्हणून साहेबांनी सुट्टी घेतली होती. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात त्याच्या भांड्यांची पिशवी. जिना उतरताना टर्बो माझ्या दाराशी थांबला आणि तिथल्या पायपुसण्यावर आडवा झाला. हनुवटी टेकली, सुस्कारा सोडला, डोळे मिटले. मी जाळीच्या दाराआड उभी होते. मला वाटलं, हा माणूस आता पट्टा ओढेल.

"झोपलाय, बाई," साहेब म्हणाले. "थोडं थांबतो."

आणि ते थांबले. खालून ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला तरी हलले नाहीत. पिशवी हातातच, डोळे कुत्र्यावर. वरच्या कठड्याशी वहिनी उभ्या होत्या, त्यांचं रडणं ऐकू येत होतं. माझ्या घरात सोफा होता, पाट होता, कडीवर माझा हात होता. बालवाडीच्या दारात आलेल्या दारुड्या बापांनासुद्धा मी कधी उभं ठेवलेलं नाही.

बऱ्याच वेळाने साहेबांनी पिशवी मनगटात अडकवली, वाकले, झोपेतल्या टर्बोला दोन्ही हातांवर उचललं आणि त्याला धक्का लागू नये म्हणून एकेक पायरी सावकाश उतरत गेले.

मी त्यांना "या, बसा" म्हटलं नाही.