गणपतीच्या मागे आमची बिल्डिंग

रिटायर झाल्यावर बाबांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. यापुढे ते रोज दाढी करणार नाहीत, आणि ते वास्तववादी चित्रकार आहेत. पहिली गोष्ट आईने दुसऱ्याच दिवशी मोडून काढली. दुसरी राहिली, कारण तिचं काय करायचं असतं ते आईला ठाऊक नव्हतं.

लालबागची खोली विकून आम्ही मीरा रोडला, शांती नगरमध्ये आलो होतो. बाबा औषधांच्या कंपनीत क्लार्क होते आणि फक्त रविवारी चित्रं काढायचे. आता त्यांचे सगळेच वार रविवार झाले. गॅलरीत स्टूल टाकून बसायचे आणि दिसेल ते काढायचे. दिसायचं काय, तर समोरची विंग, पाण्याचा टँकर आणि दोरीवरचे कपडे. मी एकदा म्हटलं, "बाबा, एखादं झाडबिड काढा की."

"कुठाय?" ते म्हणाले. मीही वाकून बघितलं. नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेले एक सर राहायचे. संध्याकाळी चहाला येत आणि बाबांना छळत. "तुम्ही म्हणता, खाली टँकर आहे. पण तुम्ही डोळे मिटल्यावरही तो असतो, हे कशावरून?"

बाबा खरोखर विचारात पडायचे. एकदा आई आतूनच म्हणाली, "सर, उद्या टँकर गेल्यावर डोळे मिटून बादली भरून बघा." सरांनी बशीतला चहा एका घोटात संपवला.

त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीमागचा पडदा रंगवायचं काम बाबांकडे आलं. आमचे चेअरमन गुजराती, भायंदरला त्यांचं कापडाचं दुकान. पांढरं कापड त्यांनीच दुकानातून आणून दिलं आणि म्हणाले, "काका, मस्त हिमालय बनवा. बर्फ, झरना, आणि दोन मोर."

"हिमालयात मोर?"

"मग एकच ठेवा."

बाबांनी कापड गच्चीवर नेलं आणि कुणालाही तिकडे फिरकू दिलं नाही. जेवायला खाली यायचे तेव्हा कोपरापर्यंत करडा रंग लागलेला असायचा. आईला वाटलं, डोंगर करडे असतील.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये पडदा टांगला. पडद्यावर आमची बिल्डिंग होती. समोरून, तळापासून टाकीपर्यंत, एकेक खिडकी, एकेक ओलीचा डाग. कोपऱ्यात टँकरही होता.

"काका, हिमालय?" चेअरमन म्हणाले.

"मी पाहिलेला नाही."

"मी पण नाही पाहिला. पण गणपतीला लागतो ना."

"तो आपल्याकडे येतोय," बाबा शांतपणे म्हणाले. "हिमालयच बघायचा असता तर घरीच राहिला असता."

दुसरा पडदा करायला वेळ नव्हता. चेअरमन पुढे होऊन बारकाईने बघायला लागले आणि पहिल्या मजल्यावर थबकले. तिथे त्यांची स्वतःची खिडकी होती, आणि तिला बाहेर काढलेला भलामोठा ग्रिल. त्यात वॉशिंग मशीन, सायकल आणि तुळस. ग्रिल बाहेर काढू नयेत अशी नोटीस महिन्याभरापूर्वी त्यांच्याच सहीने लागली होती.

त्यांनी बाबांना खांबाआड घेतलं. "काका, ये ग्रिल निकाल दो."

"तुम्ही खरा काढा, मी चित्रातला लगेच पुसतो."

दोघंही हटेनात. शेवटी आईने झेंडूची माळ घेतली आणि टाचण्या लावून बरोबर त्या ग्रिलवर सोडली.

"हे असत्य आहे," बाबा म्हणाले.

"असत्य नाही, झेंडू आहे. चला, आरास राहिलीये अजून."

दुसऱ्या दिवसापासून लोक गणपतीला नमस्कार करायचे आणि मान वाकडी करून मागे आपली खिडकी शोधायचे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या काकू बाबांना म्हणाल्या, "माझा फाटका टॉवेल कशाला काढलात हो?"

"फाटका होता."

संध्याकाळी त्यांच्या दोरीवर नवा कोरा टॉवेल वाळत होता. धुतलेलाही वाटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी कुणीतरी पंखा वाढवला. माळ एका टाचणीवर लोंबायला लागली आणि ग्रिल सगळ्यांसमोर आला, सायकलीसकट. चेअरमनांच्या हातात आरतीचं ताट होतं, त्यामुळे काही करताही येईना. टाळ्या मंदावल्या. आरती संपल्यावर ते वळले आणि म्हणाले, "दिसला तर दिसला. रोज दिसतोच ना सगळ्यांना."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमचा पण आहे, तिसऱ्या मजल्यावर." मग चौथ्यावरचे बोलले. मग हसायलाच लागले सगळे. जिन्याजवळची नोटीस विसर्जनाच्या आधीच गेली. कोणी काढली, ते कोणी विचारलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी सर पडद्याला नाक लावून उभे होते. त्यांनी आईला हाक मारली. "वहिनी, ही तुम्ही का?"

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बाई होती. सडपातळ, लांब वेणी, पिवळी साडी. आईचे केस तेव्हा मानेपर्यंत कापलेले होते, वजनाबद्दल घरात बोलायची सोय नव्हती, आणि पिवळी साडी तिने लालबागला असतानाच भांडीवालीला देऊन टाकली होती.

सरांना इतकं आनंदात मी कधीच पाहिलं नव्हतं. "काय हो वास्तववादी, हे काय?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "मला दिसलं ते काढलं," ते म्हणाले.

आई लाजलीबिजली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, डोळे तपासून घ्या एकदा."

आणि गणपती झाल्यावर सिल्व्हर पार्कच्या चष्मेवाल्याकडे ती त्यांना खरंच घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांचा नंबर वाढलेला निघाला. आईला हे फार मोठं समाधान होतं. आठवडाभर तिने येईल त्याला ते सांगितलं.

नवा चष्मा आला त्या दिवशी बाबा तो लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि आईकडे बघत राहिले.

"आता कशी दिसते?" आईने विचारलं.

बाबा वास्तववादी होते, पण वेडे नव्हते.

"चहा टाकतेस का?" ते म्हणाले.