अडीचशे व्होल्टचा डबा

माझं गिटार ऐकून आजवर फक्त एक बाई जागेवरून उठून उभी राहिली आहे, आणि ती स्वतःचा डबा परत मागायला.

मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांचा आवाज बंद करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या यंत्राचा सुरू करायचा, असा माझा दिनक्रम. (हे वाक्य आमच्या सुनंदाचं. सुनंदा म्हणजे बायको.) माझा गिटारचा अँप्लिफायर जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हवर चालतो आणि तो मीच बांधलाय. त्यात एक सोय असते. गिटारचा आवाज मधूनच बाहेर काढायचा, प्रतिध्वनीच्या पेटीतून फिरवून आणायचा आणि पुन्हा आत घ्यायचा. पण या फेरफटक्यात आवाज दमतो, पार मरगळून परत येतो. त्याला वाटेत हात द्यायला एक छोटं सर्किट लागतं, त्याला बफर म्हणतात. तोही मी व्हॉल्व्हचाच करायचा ठरवला. चिप वापरली असती तर एका संध्याकाळी झाला असता, पण मग त्यात मजा काय!

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम असतो. मागच्या वर्षी कमिटीने मला एक गाणं दिलं होतं आणि तेही अर्ध्यावर काढून घेतलं होतं. यंदा पूर्ण एक गाणं मिळालं होतं. माझी सगळी अब्रू त्या बफरवर होती.

बफर प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला, सुरू केला, तर घूंऽऽऽ! शिवाय त्या घूंमागून रेडिओवरचे कांद्याचे बाजारभाव! त्याला चहूबाजूंनी धातूचं कवच हवं होतं. स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर स्टीलचा एक छान डबा घासूनपुसून पालथा घातलेला. आपल्या ओट्यावर आहे म्हणजे आपलाच! गॅलरीत नेऊन त्याच्या बुडाला तीन भोकं पाडली, एक मोठं व्हॉल्व्हसाठी आणि दोन वायरींसाठी. कडा कानशीने गुळगुळीत केल्या. घूं गेली, बाजारभावही गेले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आता संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे आमच्याकडे डब्यांच्या प्रवासाचे दिवस. शेजारून गुळपोळ्या येतात, आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून आपल्याकडून काहीतरी भरून जातं. दोन दिवसांनी स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, ओट्यावरचा चौधरी वहिनींचा डबा पाहिलात? चकल्या भरून द्यायचाय!"

"दिलास की तू परवाच!" मी गॅलरीतून ओरडलो.

"मी? कधी?"

"मी पाहिलं ना देताना!"

(मी काहीही पाहिलं नव्हतं. मला फक्त शांतपणे सोल्डरिंग करायचं होतं, आणि समोरचा डबा तर मी आपलाच धरून चाललो होतो.)

सुनंदाने माझ्यावर विश्वास ठेवला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी तिच्याकडून ही चूक अजून होते. तिने वहिनींना ठणकावून सांगितलं की डबा दिलाय आणि यांनी देताना पाहिलंय. वहिनींनी घर उलथंपालथं केलं, माळे उपसले आणि शेवटी आमच्या दारात उभ्या राहिल्या. वहिनी सटाण्याकडच्या. एरवी साधं बोलतात, तापल्या की माहेरची अहिराणी बाहेर येते, 'आई'ची 'माय' होते आणि 'आहे'चं 'शे'.

"भाऊ, तुम्ही खरंच पाहिलं?"

"शंभर टक्के!"

"आईनं लग्नात दिलेला डबा हाय तो. आता आई पण नाय राहिली."

तेव्हा तरी मी गप्प बसावं की नाही? पण नाही! "चौधरी साहेबांनी ऑफिसला नेला असेल," मी म्हणालो. त्या दिवसापासून चौधरींच्या घरातही अबोला सुरू झाला. सुनंदा आणि वहिनी तर अकरा वर्षांत पहिल्यांदा जिन्यात तोंड फिरवून जाऊ लागल्या. सुनंदा रडकुंडीला आली होती. मी तिची समजूत घालत होतो, "डब्यासारख्या डब्यावरून लोक भांडतात!"

सव्वीस जानेवारी उजाडली. ऐन वेळी सोसायटीचा स्पीकर बंद पडला, म्हणून माईकही माझ्याच अँप्लिफायरला जोडला. शेजारी स्टुलावर प्रतिध्वनीची पेटी आणि बफर, पालथ्या डब्यावर लालसर उजळलेला व्हॉल्व्ह. पहिली तार छेडली आणि काय सांगू, असा भरदार आवाज मी जन्मात काढला नव्हता! पहिल्या रांगेतून चौधरी वहिनी उठल्या. डोळ्यांत पाणी. वाटलं, गाणं पोचलं!

वहिनी सरळ स्टुलापाशी आल्या. कमरेत वाकल्या, मान पार उलटी केली आणि डब्याच्या काठावर कोरलेली अक्षरं वाचली. मग माईकपाशीच कडाडल्या.

"हाऊ तर मना मायना डबा शे!"

बफर उत्तम काम करत होता. शे… शे… शे… पार गेटपर्यंत गेलं.

वहिनींनी डब्याकडे हात नेला. मी माईकमध्येच किंचाळलो, "हात लावू नका! अडीचशे व्होल्ट आहेत त्यात!" त्यात… त्यात… त्यात…

मी झडप घालून प्लग उपटला. मागच्या रांगेतून, माईकशिवाय, पण मघापेक्षाही स्पष्ट आवाज आला, "अहो! तुम्ही पाहिलं होतंत ना?"

मी डब्याकडे पाहिलं. 'चि. निर्मलास, आईकडून.' इतके दिवस ती अक्षरं उलटी माझ्यासमोर होती आणि मी नक्षी समजत होतो. खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर दोघींनी मिळून मला असं धुतलं की अकरा वर्षांची मैत्री पाच मिनिटांत जागेवर आली.

व्हॉल्व्ह काढून मी डबा स्वतः परत नेला. रिकामा द्यायचा नसतो, म्हणून सुनंदाने भोकांतून पडणार नाहीत एवढे मोठे तिळाचे लाडू वळले. वहिनी त्यात आता लसूण ठेवतात. म्हणतात, हवा छान लागते.

रथसप्तमीला वहिनींचं हळदीकुंकू झालं. सुनंदा वाण घेऊन आली, सोबत माझ्यासाठीही एक, नवाकोरा स्टीलचा डबा. काठावर कोरलं होतं, 'भाऊंस, भोकं पाडण्यासाठी सप्रेम.' आणि तेही उलटं कोरलेलं, म्हणजे डबा पालथा घातला की मला तरी नीट वाचता यावं!