राक्षसाचं मनगट

मावशी शिवणकाम करायची आणि काका सिनेमाच्या स्टुडिओत सुतार होते. तिथे एकदा परग्रहावरच्या राक्षसाचा सिनेमा निघाला. ब्लॅक अँड व्हाइट, कारण रंगीत फिल्म परवडणार कुणाला? यान म्हणून मावशीच्या कुकरचं झाकण उडालं. राक्षसाचा पोशाख तिने जुन्या रेनकोटांचा शिवला, एक लाल, दोन निळे. पडद्यावर सगळं काळंच दिसणार होतं. आत शिरायला कुणी तयार होईना, म्हणून काकांना उभं केलं.

बाहीच्या मापात मावशी चुकली. नायिकेचा गळा धरायला राक्षसाने हात लांबवला, तशी बाही वर सरकली आणि काकांचं मनगट दिसलं, घड्याळाच्या पट्ट्याच्या पांढऱ्या खुणेसकट. कच्ची फिल्म संपत आलेली, पुन्हा शूटिंग शक्य नव्हतं. थिएटरात लोक पोट धरून हसले. दिग्दर्शकाने मावशीला चारचौघांत झापलं. पुढे कित्येक वर्षं ती घरात त्या सिनेमाचं नाव काढू देत नसे.

मग काका गेले. भिंतीवर फोटो आहे, पण फोटोतले काका हलत नाहीत. मी सिनेमाची कॅसेट शोधून आणली. मावशी रोज दुपारी मनगटाचा तेवढाच तुकडा लावायची. शेवटी व्हीसीआरने कॅसेट चावून खाल्ली. "फार आठवण येते गं," ती म्हणाली, आणि दोन दिवस शिवणाच्या मशीनला हात लावला नाही.

यंदा स्टुडिओने सिनेमाची नवी, स्वच्छ प्रत करायला घेतली. एडिटरने मोठ्या कौतुकाने फोन केला. "मावशी, तुमची ती चूक पुसली बरं का. आता बाही थेट पंजापर्यंत."

मावशीने तशाच चपला चढवल्या. मी मागोमाग, थेट स्टुडिओत.

"पुसलेलं परत आणता येतं?" तिने एडिटरला विचारलं.

"येतं. पण लोक हसतील."

"तो हात ह्यांचा आहे. मला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?"

तो कॉम्प्युटरवर थोडं मागे गेला आणि मनगट परत आलं.

पहिल्या खेळाला आम्ही दोघी गेलो. हात लांबला, बाही सरकली आणि अख्खं थिएटर हसलं. माझं डोकंच फिरलं. मागच्या रांगेला दोन शब्द सुनावायला मी वळले, तर मावशीने माझा हात दाबला.

"हसू दे," ती म्हणाली. "बघतायत ना ह्यांच्याकडे."